अख्ख्या संघाच्या सह्या

पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाच्या खेळाडूंनी सही केलेली कार्डे जमवायची असे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो. तो आधी सर्वांत मोठे नाव शोधतो, पैसे साठवतो, एक महागडे कार्ड घेतो आणि त्या एका कार्डापाशीच थांबतो. न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, संघ कोणताही असो, चूक हीच होते. पायरेट्सचा दाखला इथे घेतला आहे, कारण या संघाचा इतिहास मोठा आहे आणि त्याची भारताशी एक छोटी पण खरी गाठही आहे. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना क्रिकेटइतकाच, काही घरांत क्रिकेटहून अधिक, बेसबॉलचा लळा लागतो आणि वाढदिवसाला कार्डांची पाकिटे मागितली जातात. त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी माझे सांगणे एवढेच की संघाच्या सह्या जमवायच्या तर सुरुवात स्वस्त नावांपासून करावी. राखीव कॅचर, दोन महिने खेळून गेलेला पिचर, ज्याचे नाव आज फक्त जुन्या धावफलकात सापडते असा खेळाडू, अशांची कार्डे आधी मिळवावीत. हा सल्ला गरिबीतला तोडगा म्हणून देत नाही. मला तीच अधिक चांगली पद्धत वाटते आणि त्याची कारणे आहेत.

पहिले कारण खरेपणाचे. कार्डावर सही येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. खेळाडू तुमच्यासमोर सही करतो, तुम्ही टपालाने पाठवलेले कार्ड सही करून परत पाठवतो, कंपनी त्याच्याकडून सह्या घेऊन ती कार्डे नव्या पाकिटांत घालते, किंवा कुणाकडून तरी आधीच सही झालेले कार्ड तुम्ही विकत घेता. कंपनीची वाट तशी अलीकडची. टॉप्स या कार्ड कंपनीचा ४०७ कार्डांचा प्रसिद्ध संच १९५२ चा, पण पाकिटात खरी सही केलेले कार्ड निघू शकते ही कल्पना अप्पर डेक कंपनीने १९९० मध्ये आणली. नामवंत बेसबॉलपटू रेजी जॅक्सनने सही केलेली आणि क्रमांक घातलेली २,५०० कार्डे त्या वर्षी पाकिटांत टाकण्यात आली. सगळ्यांत धोक्याची वाट म्हणजे विकत घेण्याची. तो धोका किती मोठा आहे हे १९९० च्या दशकात अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, एफबीआयने, उघड केले. आधी शिकागोत आणि मग सॅन डिएगोत तपास झाला. दुसऱ्या तपासाचे नाव ‘ऑपरेशन बुलपेन’, आणि १९९९ मध्ये त्यात मोठे छापे पडले. लोकप्रिय खेळाडूंच्या नावाने बाजारात असलेल्या सह्यांपैकी निम्म्याहून अधिक बनावट असाव्यात, असा त्या वेळी यंत्रणेचा अंदाज होता. जप्त झालेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते. कोलकात्यात रुग्णसेवा करणाऱ्या त्या वृद्ध बाईंनी बेसबॉलवर सह्या कधी केल्या असतील, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडला नाही, कारण सोबत प्रमाणपत्र होते. ते प्रमाणपत्रही बनावट सह्या करणाऱ्या टोळीनेच छापलेले होते.

बनावट सही करणाऱ्याचे गणित साधे असते. शाई, वेळ आणि तुरुंगाची भीती या तिन्हींची किंमत वसूल होईल अशाच नावाची तो नक्कल करतो. पाच डॉलरला विकल्या जाणाऱ्या सहीसाठी कुणी रात्री जागवून हात बसवत नाही. म्हणून सहीची किंमत जसजशी वाढते तसतशी ती खोटी असण्याची शक्यताही वाढते, आणि किंमत अगदी खाली असेल तर ती शक्यता जवळजवळ नाहीशी होते. पायरेट्सचा गाजलेला खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याची सही असलेले कार्ड कुणी दाखवले तर आधी शंका घ्यावी. त्याच संघातल्या राखीव खेळाडूची सही असेल तर ती खरी असणार असे धरून चालायला हरकत नाही. नवशिक्या संग्राहकाला खरी सही ओळखण्याचे डोळे नसतात. ते डोळे तयार होईपर्यंत तरी नक्कल परवडणार नाही अशाच नावांच्या सोबत राहणे शहाणपणाचे.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की सह्या तपासणाऱ्या संस्था आहेत, त्यांचा शिक्का असलेले कार्ड घेतले की झाले. पीएसए, जेएसए, बेकेट या संस्थांचे काम मी कमी लेखत नाही. हजारो सह्या पाहिलेल्या माणसाचे मत आपल्या अंदाजापेक्षा केव्हाही चांगले. पण ते मतच असते. सही होताना तिथे कुणी हजर नव्हते; अक्षराचे वळण, दाब, वेग पाहून नंतर कौल दिला जातो. या बाबतीत मेजर लीग बेसबॉलने स्वतः काय केले ते पाहण्यासारखे आहे. बुलपेन प्रकरणानंतर, २००१ मध्ये, लीगने स्वतःची व्यवस्था उभी केली. तिचा नियम असा की प्रमाणित करणारा माणूस सही होताना समोर हवा. तो असेल तरच वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम चिकटतो. आधीच झालेली सही कितीही खरी दिसली तरी ही व्यवस्था तिच्यावर शिक्का मारत नाही. ज्यांच्या हाती सगळे खेळाडू आहेत त्यांनीच नंतरच्या पारखीपेक्षा डोळ्यांदेखतच्या साक्षीवर भिस्त ठेवली. मग आपणही तेच का करू नये? समोर केलेल्या सहीचे साक्षीदार आपण स्वतः असतो, आणि समोर सही करायला निवांत उभे राहणारे खेळाडू बहुतांशी स्वस्त नावांचेच असतात.

आता चौकटीबद्दल. ‘पायरेट्सच्या सह्या’ एवढेच ठरवले तर संग्रहाला आकार येत नाही, कारण १८८७ पासून नॅशनल लीगमध्ये असलेल्या संघाच्या खेळाडूंची यादी संपता संपत नाही. एक हंगाम निवडावा. मैदानासाठी एका वेळी २६ खेळाडूंची यादी असते, पण दुखापती आणि अदलाबदली धरून हंगामभरात पन्नासच्या आसपास खेळाडू संघाचा गणवेश घालतात. पन्नास नावे म्हणजे दोनतीन वर्षांत पूर्ण होईल असे काम. त्याहून लहान चौकट हवी असेल तर एकच सामना घ्यावा, आणि पायरेट्सच्या बाबतीत तो सामना शोधायला लांब जावे लागत नाही. १ सप्टेंबर १९७१ रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध व्यवस्थापक डॅनी मर्टॉ यांनी जे नऊ जण उतरवले ते सगळे कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकी होते. मेजर लीगमध्ये असे पहिल्यांदाच घडत होते, तेही जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत ओलांडल्यानंतर २४ वर्षांनी. रेनी स्टेनेट, जीन क्लाइन्स, रॉबर्टो क्लेमेंटे, विली स्टारजेल, मॅनी सँगियेन, डेव्ह कॅश, अल ऑलिव्हर, जॅकी हर्नांडेझ आणि पिचर डॉक एलिस. तो सामना त्यांनी १०–७ असा जिंकला आणि पुढच्याच महिन्यात संघाने बाल्टिमोरला हरवून वर्ल्ड सिरीज मिळवली. कार्डे ठेवायच्या वहीच्या पानाला नऊ कप्पे असतात. नऊ नावे, नऊ कप्पे, एक पान. शालेय वयाच्या मुलाला यातून अमेरिकेचा जेवढा इतिहास कळेल तेवढा पाठ्यपुस्तकाच्या एका धड्यातून कळणे अवघड आहे.

हे पान भरायला घेतले की बारीकसारीक प्रश्न समोर येतात आणि खरी गोडी तिथेच आहे. टॉप्सचा १९७१ चा संच काळ्या कडांचा. कड जराशी घासली तरी पांढरा पुठ्ठा डोकावतो, त्यामुळे धड कोपऱ्यांची कार्डे महाग आणि झिजलेली स्वस्त. सहीसाठी झिजलेलेच घ्यावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: त्या वर्षीच्या कार्डांवर खेळाडूच्या सहीची प्रतिमा छापलेलीच आहे. नवखा माणूस ती छापील सही खरी समजून पैसे मोजतो. भिंगातून पाहिले तर छपाईचा सपाटपणा कळतो. खऱ्या शाईच्या रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे गडद होतात आणि कार्ड तिरपे धरले की शाईची चमक वेगळी दिसते. छापील सहीशेजारी खरी सही घेतली तर ती दाटीवाटी काहींना आवडते, काहींना नाही. मला स्वतःला १९७२ ची कार्डे सहीसाठी बरी वाटतात. स्टेनेटसाठी तर ती घ्यावीच लागतात, कारण तो जुलै १९७१ मध्ये संघात आला आणि टॉप्सचे त्याचे पहिले कार्ड १९७२ च्या संचात निघाले. ज्या हंगामाच्या सह्या जमवायच्या त्याच्या पुढच्या वर्षीचा संच हाताशी ठेवावा, ही गोष्ट जवळपास प्रत्येक संघाला लागू पडते. आजच्या खेळाडूंसाठी टॉप्सचा साधा कागदी संच किंवा जुन्या धाटणीचा हेरिटेज संच निवडावा. क्रोमसारख्या आरशागत चकचकीत कार्डावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. तसे कार्ड वापरायचेच असेल तर आदल्या दिवशी मऊ कापसाने किंचित टाल्कम पावडर फिरवून पुसून घ्यावे. पेन निळ्या शाईचे, बारीक टोकाचे शार्पी. कार्डाच्या फिकट भागाकडे बोट दाखवून तिथे सही मागितली तर कुठलाही खेळाडू रागावत नाही.

टपालाची वाट मराठी वाचकाला शिकवायला नको. साहित्य परत हवे असल्यास स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट जोडावे, ही सूचना आपल्या मासिकांनी कित्येक दशके छापली आहे आणि ‘साभार परत’ आलेले पाकीट कितीतरी घरांनी पाहिले आहे. इथेही तेच करायचे असते. हाताने लिहिलेले अर्ध्या पानाचे पत्र, एक किंवा फार तर दोन कार्डे, दोन पातळ पुठ्ठे आणि परतीचे पाकीट. पत्रात त्या खेळाडूच्या कारकिर्दीतली एखादी नेमकी गोष्ट यावी, म्हणजे छापील मजकुराचे शंभर लिफाफे पाठवणाऱ्यांत तुमची गणना होत नाही. कडक प्लास्टिकच्या खोळीत कार्ड घालून साध्या लिफाफ्यातून पाठवले तर तो यंत्रातून जात नाही आणि जादा तिकीट लागते, पुठ्ठे पुरतात. भारतातून पाठवणाऱ्याने परतीच्या पाकिटावर अमेरिकेचे ‘ग्लोबल फॉरएव्हर’ तिकीट लावावे, एक औंसापर्यंतचे पत्र त्यावर कुठल्याही देशात जाते. मुलांकडून अशी पत्रे लिहून घ्यावीत. निवृत्त खेळाडू अनेकदा उत्तर देतात. काही जण आधी ठरावीक रक्कम किंवा एखाद्या संस्थेला देणगी मागतात, ती चौकशी पाठवण्यापूर्वी करावी. आज खेळणाऱ्यांना पत्र फेब्रुवारी–मार्चमध्ये सराव शिबिराच्या पत्त्यावर पाठवणे सोयीचे, कारण तेव्हा दिवस थोडे सैल असतात. उत्तराला तीन आठवडेही लागतात आणि वर्षही. न आलेले कार्ड गेले असे समजायची मनाची तयारी हवी, म्हणून एकुलते एक जपलेले कार्ड टपालात टाकू नये.

टपालाच्या वाटेवर रास्त आक्षेप असा की परत आलेली सही त्याच माणसाची कशावरून? जुन्या काळी मोठ्या खेळाडूंच्या चाहत्यांची पत्रे कधी सचिव, कधी कपडेखोलीतला नोकर, कधी घरातले माणूस सही करून परत पाठवत असे. हे घडलेले आहे आणि नाकारण्यात अर्थ नाही. पण मुद्दा पुन्हा तिथेच येतो. रोज पोतेभर पत्रे येणाऱ्यालाच असा मदतनीस ठेवावा लागतो. ज्याला महिन्याला चार पत्रे येतात तो स्वतः लिफाफा उघडतो, आणि कधी कधी दोन ओळी जास्तीच्या लिहूनही पाठवतो.

समोरासमोर सही घ्यायची तर मोठ्या स्टेडियमपेक्षा लहान मैदाने गाठावीत. पायरेट्सचे वसंतातले सराव शिबिर १९६९ पासून फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनमध्ये भरते. तिथे कुंपण आणि खेळाडू यांत हाताचेच अंतर असते. त्यांच्या दुय्यम संघांपैकी अल्टूना पेनसिल्व्हेनियातच आहे, म्हणजे पिट्सबर्गच्या मराठी कुटुंबाला एका दिवसात जाऊन येता येते. या संघांची स्वतःची कार्डेही निघतात आणि मैदानावरच्या दुकानात संपूर्ण संच मिळतो. तो विकत घेऊन दरवाजे उघडताच कुंपणापाशी उभे राहिले तर एका संध्याकाळी आठदहा सह्या सहज होतात. पायरेट्सचा गाजलेला पिचर पॉल स्कीन्स २०२३ च्या उन्हाळ्यात ब्रेडेंटन आणि अल्टूना याच मैदानांवर खेळत होता. शिष्टाचार मोजकेच, पण ते पाळावेत. खेळाडू सराव करत असताना हाक मारू नये. एका वेळी एकच कार्ड पुढे करावे. आडनावाआधी ‘मिस्टर’ लावावे. सही मिळो न मिळो, आभार मानावेत. कार्डावर मुलाचे नाव घालून सही मागावी, असे मी आवर्जून सांगेन. नाव घातलेल्या कार्डाला बाजारात कमी किंमत येते, आणि खेळाडूला हे ठाऊक असते. मागणारा विक्रेता नव्हे याची त्याला खात्री पटते आणि हात लगेच पुढे येतो. पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कमध्ये १९७१ चा कॅचर मॅनी सँगियेन आपल्या नावाच्या खाद्यपदार्थांच्या दुकानापाशी खुर्ची टाकून वर्षानुवर्षे बसत असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सही देत असे. नऊ कप्प्यांतला एक कप्पा अशा रीतीने रांगेत उभे राहून भरता येत होता.

याच टप्प्यावर संग्राहकाने आपला एक नियम ठरवून टाकावा: ज्यांनी संघाशी करार केला पण जे मुख्य संघापर्यंत पोचले नाहीत त्यांना धरायचे का? माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते भारताच्या संदर्भात अधिकच. भालाफेक करणारे उत्तर प्रदेशातले दोन तरुण, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून निवडले गेले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. मेजर लीगच्या संघाशी करार झालेले ते पहिले भारतीय. २००९ मध्ये दोघेही ब्रेडेंटनमध्ये दुय्यम लीगचे सामने खेळले. मुख्य संघाचा गणवेश त्यांना कधी मिळाला नाही. बाजाराच्या तराजूत त्यांच्या सह्यांना फारसे वजन नाही, पण मराठी घरातल्या पायरेट्सच्या वहीत त्या नसतील तर वही अपुरी आहे, असे मला वाटते.

आता सर्वांत मोठा आक्षेप. नायकच नसतील तर संघाचा संग्रह कसला? २०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिस परिसरातल्या एका ११ वर्षांच्या मुलाला पाकिटात स्कीन्सचे कार्ड सापडले. पदार्पणाच्या सामन्यातल्या गणवेशावरचा कापडी बिल्ला बसवलेले आणि सही केलेले ते जगातले एकमेव कार्ड. पायरेट्सने त्याबदल्यात इतर गोष्टींसोबत ३० वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली; कुटुंबाने कार्ड लिलावात काढले आणि मार्च २०२५ मध्ये त्याला ११ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. अशा बातमीनंतर दहा डॉलरची सही कुणाला खुपणार नाही? पण त्या कार्डाची किंमत ते एकच असण्यामुळे आहे. संघाशी तिचा संबंध दुय्यम आहे. नायकाची सही घेऊच नका, असे मी म्हणत नाही. ती शेवटी घ्या, आणि घ्याल तेव्हा कंपनीने पाकिटातून काढलेले प्रमाणित कार्ड घ्या. त्यातही सही थेट कार्डावर आहे की पारदर्शक चिकटपट्टीवर करून नंतर डकवली आहे ते पाहा. चिकटपट्टीचे कार्ड खेळाडूच्या हातात कधी आलेलेच नसते. ते स्वस्त मिळते ते त्यामुळेच. हीही वाट पूर्ण निर्धोक नाही. अमेरिकी फुटबॉलमधल्या एका गाजलेल्या खेळाडूच्या पाकिटबंद कार्डांवरच्या सह्या यंत्राने केल्यासारख्या दिसतात, असा आक्षेप २०१७ मध्ये तपासणाऱ्यांनीच घेतला होता. तरी चालू काळातल्या नायकापुरती ही वाट त्यातल्या त्यात भरवशाची. गुंतवणूक म्हणून जमवणाऱ्यांसाठी हा लेख नाही. १९८० च्या दशकाअखेरीस ज्यांनी त्या हेतूने खोकीच्या खोकी भरून ठेवली त्यांच्याकडे आज ती खोकी तशीच आहेत, कारण कंपन्यांनी कार्डे अतोनात छापली होती.

जपणुकीत दोनच शत्रू: उजेड आणि वाईट प्लास्टिक. शार्पीची शाई उन्हात फिकी पडते, तेव्हा भिंतीवर टांगण्याचा मोह आवरावा. वहीची पाने पीव्हीसीविरहित घ्यावीत, कारण पीव्हीसीतले मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू सुटून कार्डाला चिकटते. सही वाळायला काही मिनिटे द्यावीत आणि मगच खोळ चढवावी. प्रत्येक कार्डामागे खोळीत एक चिठ्ठी असावी: तारीख, ठिकाण, समोर घेतली की टपालाने, सोबत कोण होते. आलेले पाकीट टपालाच्या शिक्क्यासह ठेवून द्यावे. वीस वर्षांनी हीच चिठ्ठी त्या सहीची साक्ष होईल.

राहिला क्लेमेंटेचा कप्पा. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्याचे विमान ३१ डिसेंबर १९७२ रोजी पोर्टो रिकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. त्याचा देह सापडला नाही. जो सँगियेन पुढे स्टेडियमात सह्या देत बसायचा तो मित्राच्या स्मरणसभेला न जाता शोध घेणाऱ्यांसोबत समुद्रात उतरला होता. क्लेमेंटेच्या नावाने बाजारात फिरणाऱ्या सह्या घेऊ नयेत, वहीला त्याची गरज नाही. त्या जागी १९७१ चे त्याचे ६३० क्रमांकाचे कार्ड ठेवावे, कोपरे झिजलेले चालेल, पुढे छापलेली नवी प्रतही चालेल. टॉप्सने १९५७ ते १९६९ पर्यंत त्याच्या कार्डांवर त्याचे नाव ‘बॉब’ असे इंग्रजाळून छापले होते. या कार्डावर मात्र काळ्या कडेच्या आत, चित्रावरून गेलेली छापील सही आहे, आणि तीत नाव ‘रॉबर्टो’ असेच आहे.